श्रद्धा आणि आरोग्य : ज्यू समाजाचे एक उदाहरण

धर्म निष्ठेने पाळला तर माणूस निरोगी राहतो काय, हा प्रश्न पाचाड-महाडकडील आपल्या बैठकींत अनेकदा निघतो. काही बांधव लगेच होय म्हणतात, काही हसतात. दोघांनीही ज्यू समाजाकडे जरा पाहावे, असे आम्हांस वाटते.

ज्यू म्हणजे कोणी परके नव्हेत. आपल्याच रायगड जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथे बेने इस्राएल लोक पिढ्यान्पिढ्या राहिले. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही विसावा!

अशा धर्मनिष्ठेचा आयुष्यावर काय परिणाम होतो, याची तपासणी इस्राएलमध्ये झाली. तेथे किब्बुत्झ नावाच्या सामुदायिक वसाहती आहेत. जेरेमी कार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 धार्मिक आणि त्यांच्याशी मिळत्याजुळत्या 11 निधर्मी किब्बुत्झांतील 1970 ते 1985 या 16 वर्षांतील मृत्यूंचा अभ्यास करून तो 1996 साली प्रसिद्ध केला. निधर्मी वसाहतींत मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. स्त्रिया आणि पुरुष, दोघांतही हाच फरक होता. आरोग्याच्या नेहमीच्या सवयी व आपसांतील आधार एवढ्यानेच तो उलगडत नाही, असे संशोधकांचे म्हणणे. आमच्या मते ठरलेला दिनक्रम, आठवड्याची विश्रांती आणि आपण कशासाठी जगतो याची खात्री, यांचा त्यात वाटा असावा. अर्थात हा आमचा तर्क आहे.

मात्र या आकड्यांवरून कोणी औषध बंद करू नये! दवाखान्याऐवजी प्रार्थना केल्याने काय होते, हे त्या अभ्यासाने तपासलेलेच नाही. आपल्याकडे तरुण मुंबईला असतात, घरी म्हातारी माणसे दुखणे अंगावर काढतात. त्यांना 'श्रद्धा ठेवा' एवढेच सांगून परतणे आम्हांस क्रूर वाटते. ज्यू धर्मशास्त्रही तसे सांगत नाही. जीव वाचविण्यासाठी शनिवारचा नियम मोडावा, उपवासाने जिवाला धोका असेल तर आजाऱ्याने खावे, अशी त्याची आज्ञा आहे. बेने इस्राएल घरांत एलिया हन्नाबीच्या नावाने नवस बोलतात, तो फेडताना पोहे, गूळ, खोबरे यांचा मलिदा करतात. याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड 1928 ते 1947 मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या.