चेन बदलायची, पण एकटी नाही

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एकदा नजर टाका. शोरूममधून थेट आपल्यासाठी आलेल्या गाड्या थोड्याच. बाकीच्या कुणाच्या वडिलांच्या, कुणाच्या काकांच्या. माझीही तशीच. 2004 सालची हीरो होंडा स्प्लेंडर, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी! बाबांनी ती मला देताना एकच गोष्ट सांगितली होती, "गाडी वापर, पण तिच्याकडे बघत जा." मी वापरली. बघायचं मात्र राहून गेलं.

मागच्या पावसाळ्यात चेन फार सैल झाली. खड्ड्यातून जाताना ती चेन कव्हरवर आपटून खडखड वाजायची. अॅडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत आले होते, त्यामुळे आणखी ताणायला जागाच नव्हती. महिनाअखेर होती आणि मेसचं बिल भरायचं होतं. म्हणून मी हिशोब केला की फक्त चेन बदलू, दोन्ही स्प्रॉकेट राहू देत. पैसे वाचले म्हणून मी खूशही झालो.

ही खुशी तीन महिनेसुद्धा टिकली नाही. एका रात्री रूममेटला स्टेशनवरून डबलसीट आणत होतो. चढावर गिअर टाकून रेस केली आणि कट्-कट् आवाज करत चेन दातांवरून उड्या मारायला लागली. पुढच्याच क्षणी ती उतरली. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी मागे घसरतेय, आणि मागे ट्रकचा हॉर्न. आम्ही दोघांनी कशीबशी गाडी ढकलत कडेला घेतली. नशीब, चेन चाकात अडकली नाही. अडकली असती तर मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं असतं.

रात्री बाबांना फोन केला. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "अरे, चेन नवी टाकलीस, पण दात बघितलेस का?"

चेन लांबते म्हणजे काय होतं?

आपण म्हणतो, चेन ताणली गेली. खरं तर तिच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती बुश असतं. सांधा स्प्रॉकेटवर वळला की पिन बुशमध्ये घासते. धूळ आणि पाणी शिरलं, तेल संपलं की ही झीज वाढते. एका सांध्यात फक्त 0.1 मिमी झीज धरा. शंभर सांध्यांचे झाले 10 मिमी! मॅन्चेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. आजही आपल्या गाडीची चेन त्याच रचनेची आहे, आणि तिची झीजही त्याच जागी होते.

माझ्या गाडीची चेन 428 नंबरची. यातला पहिला 4 म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, म्हणजेच अर्धा इंच किंवा 12.7 मिमी पिच. त्यामुळे मोजमाप सोपं आहे. चेन ताणून धरा आणि 21 पिना मोजा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत 20 पिच होतात. नव्या चेनमध्ये हे अंतर 254 मिमी असतं. ते 259 मिमीपर्यंत गेलं, म्हणजे साधारण 2 टक्के वाढलं, की चेन संपली समजा. पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तरी तेच उत्तर.

आता माझी चूक कुठे झाली ते बघा. लांबलेली चेन दाताच्या बुडाशी बसत नाही, वर चढून बसते आणि दाताला एका बाजूने खाते. हळूहळू दात वाघनखासारखे वाकडे होतात. अशा दातांवर 12.7 मिमीची नवी चेन टाकली की पिच जुळत नाही. सगळा भार थोड्याच दातांवर येतो आणि वाकडे दात रोलरला सहज सोडत नाहीत. जुने स्प्रॉकेट नव्या चेनला आपल्यासारखं करून टाकतात. म्हणून तिन्ही वस्तू एकदमच बदलायच्या. दुकानात "चेन सेट" मागा.

प्रत्यक्ष काम

पहिली गोष्ट, इंजिन बंद आणि प्लगची कॅप काढलेली. चालू इंजिनवर चेनला हात लावणं म्हणजे बोटं गमावणं. "फक्त तेल सोडतोय" म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

गाडी मेन स्टँडवर घ्या. चेन कव्हर आणि पुढच्या स्प्रॉकेटवरचं झाकण काढा. पक्कडीने चेन लॉकची क्लिप काढून चेन सोडवा. पुढचं स्प्रॉकेट एका छोट्या प्लेटने आणि दोन बोल्टांनी धरलेलं असतं. बोल्ट काढून प्लेट थोडी फिरवली की ते बाहेर येतं. तिथला चिखल आणि जुनं ग्रीस रॉकेलने साफ करा. मागच्यासाठी चाक काढावं लागतं. तेव्हा हबचे रबर बघून घ्या. ते ढिले असतील तर नव्या सेटलाही झटके बसतील.

नवे स्प्रॉकेट लावण्याआधी दात मोजा. माझ्या गाडीला पुढे 14 आणि मागे 42, म्हणजे 1:3. पुढे एक दात कमी झाला तर ओढ वाढते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. दुकानदाराने "चालतंय की" म्हटलं तरी मोजल्याशिवाय बसवू नका.

चेन जोडताना क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला असलं पाहिजे. वरची चेन पुढे धावते, म्हणून लॉक वर असताना बंद टोक पुढे. उलटी बसवली तर एखाद्या अडथळ्याने क्लिप निघू शकते.

मग ताण. चेन घट्ट म्हणजे चांगली, हा आणखी एक गैरसमज. आपण गाडीवर बसलो की स्विंग आर्म, म्हणजे मेकॅनिकचा "चिमटा", वर जातो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा सांधा आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वात जास्त होतं. तेव्हा चेनला सैलपणा नसेल तर बेअरिंगवर जोर येतो. खालच्या चेनच्या मध्यावर वरखाली मिळून साधारण एक इंच हालचाल ठेवा. नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवून जिथे चेन सर्वात घट्ट लागते तिथे मोजा, आणि दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारख्याच खुणेवर आणा.

शेवटी एक्सलचा नट, ब्रेक आर्मचा बोल्ट आणि त्याची पिन पुन्हा तपासा. चाक मागेपुढे सरकल्यामुळे ब्रेक पेडलची चालही बदललेली असते, ती जुळवून घ्या. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ताण परत बघा. पावसात भिजल्यावर चेन पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल लावा.

हे सगळं आता मी करतो, दर दुसऱ्या रविवारी, पार्किंगमधल्या लिंबाच्या झाडाखाली. मशीन डिझाइनच्या पेपरात चेन ड्राइव्हचं गणित मी बरोबर सोडवलं होतं, मार्कही मिळाले होते. पण त्या चढावर मागे बसलेला मित्र गणितात कुठेच नव्हता. सेटचे पैसे मेसच्या बिलापेक्षा जास्त झाले, हे खरं. पण आता मागे कुणी बसलं की मला कानात खडखड ऐकू येत नाही.

तुमची गाडी आज खाली उभी असेल. जाता जाता एकदा दात बघून घ्या.