केमिकलला जायचंय, पण घाट उतरायची तयारी आहे का?

मावळातल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘केमिकल म्हणजे अ‍ॅसिडचं काम ना? त्यापेक्षा कॉम्प्युटर बरं.’ मुलगी शेजारी गप्प बसलेली. तिला क्लासच्या सरांनी सांगितलेलं असतं की केमिस्ट्रीत मार्क चांगले आहेत, तर केमिकलच घे. माझ्या मते दोघांचंही चुकतं.

केमिस्ट्री आवडते एवढ्या भांडवलावर ही शाखा झेपत नाही. दुसऱ्या वर्षापासून गणित आणि फिजिक्स मानगुटीवर बसतात. पाइपातून द्रव किती वेगाने जाईल, भांड्याच्या भिंतीतून उष्णता किती आत शिरेल, आत घातलेल्या मालाचा बाहेर पडलेल्या मालाशी हिशेब जुळतो का, हाच अभ्यास.

लोणावळ्याची चिक्कीच घ्या. पाक साधारण दीडशे अंशांपर्यंत चढला, त्यातलं पाणी जवळजवळ उडालं, की गार झाल्यावर चिक्की कटकन तुटते. घरच्या कढईत हे जमतं. आता तीच कढई लांबी-रुंदी-खोलीने दुप्पट करा. पाक आठपट मावेल, पण आच घेणारा पृष्ठभाग चौपटच होईल. कडेला करपायला लागलेलं आणि मधला पाक अजून कच्चा. मग आच वाढवायची, ढवळणी बदलायची की भांड्याला वाफेचं जॅकेट घालायचं? हे गणित मांडून सांगणारा तो केमिकल इंजिनिअर. मुलीला हा प्रश्न सोडवून बघावासा वाटला, तर पुढचं बोलू.

मावळाला हे काम नवं नाही. तळेगावात १९०८ साली लोकांच्या एकेका पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला आणि तिथे काचकामाचं शिक्षणही मिळे. आज मात्र तळेगाव-चाकण पट्ट्यात गाड्या आणि त्यांचे सुटे भाग जास्त. रसायनांचे मोठे कारखाने घाटाखाली आहेत. खोपोली, पाताळगंगा, रसायनी, तळोजा, मग महाड आणि लोटे. आपल्या जिल्ह्यात दौंडकडे कुरकुंभ. लोणावळ्याहून खोपोली तशी जवळच, पण नोकरी पाळीची असली की रात्रपाळी आली आणि पावसाळ्यातला बोरघाटही आला. बरीच मुलं तिकडेच खोली घेऊन राहतात. हे आईवडिलांनी प्रवेशाआधीच पचवलेलं बरं. पुणं सोडायचंच नसेल तर थरमॅक्स, प्राज यांसारख्या कंपन्यांतलं डिझाइनचं काम आहे. संशोधनाची ओढ असेल तर पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आहे, पण त्यासाठी पुढचं शिक्षण लागतं.

अ‍ॅसिडची भीती मी हसण्यावारी नेत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूची गळती झाली, तेव्हा मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं होतं आणि टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. धोका कुठून येऊ शकतो हे आधीच ओळखून तो अडवणं, हाही याच इंजिनिअरच्या कामाचा भाग. म्हणून कॉलेज पाहताना सुरक्षेचा विषय तिथे कोण शिकवतं, हे जरूर विचारा.

प्रवेशाची वाट सरळ आहे. पीसीएम घेऊन एमएचटी-सीईटी, मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या. डिप्लोमावाल्यांना थेट दुसरं वर्ष. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे १९३३ ची जुनी यूडीसीटी, पहिल्या पसंतीची. गोव्यातल्या माशेलचे शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तिथूनच केमिकल इंजिनिअर झाले. तिथे रंग, तेल, औषधं अशा केमिकल टेक्नॉलॉजीच्या शाखाही आहेत. त्या वेगळ्या, फॉर्म भरताना गल्लत करू नका. नागपूरची एलआयटी, लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, पुण्यात विश्वकर्मा आणि भारती विद्यापीठ, हेही पर्याय आहेत.

लोकलच्या पासवर जमतंय एवढ्यासाठी कॉलेज निवडू नका. कामाच्या दिवशी जाऊन प्रयोगशाळेतला डिस्टिलेशन कॉलम चालू आहे की त्यावर धूळ बसलीय ते बघा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठून सुट्टीत ट्रेनिंगला कुठल्या कारखान्यात गेला होतात, ते विचारा. ‘ऑनलाइन सर्टिफिकेट केलं’ एवढंच उत्तर सगळ्यांकडून आलं, तर ते कॉलेज घराजवळचं असलं तरी ऑप्शन फॉर्ममध्ये खाली ढकला.