फोटो झाले, तुकडा राहिला

भाताच्या लावणीत दादाची डावी नाकपुडी बंद झाली. एकच. चिखलात भिजलाय, सर्दी झाली असेल म्हणून आम्ही ओव्याची धुरी दिली. श्रावणात शेंबडातून रक्त येऊ लागलं, मग गाल सुजला. कापणीपर्यंत नाकाला घाण वास सुटला. मी आमच्या ठाकुरवाडीतली आशा सेविका. घरोघरी खोकल्याचे दिवस विचारत फिरते, पण माझ्याच घरातली एका बाजूची सर्दी मला चार महिने दिसली नाही.

साध्या एक्स-रेत सायनस भरलेलं दिसलं. सूज उतरवायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या, पंधरा दिवस बरं वाटलं. पुढे सीटी स्कॅनमध्ये नाकातला गोळा आणि शेजारचं झिजलेलं पातळ हाड दिसलं. डॉक्टरांनी तपासणीसाठी त्या गोळ्याचा तुकडा काढायला सांगितला. "तुकडा काढला की रोग पसरतो," आई म्हणाली. मला खरं माहीत होतं, तरी मी गप्प बसले. फोटो दुखत नाही, म्हणून त्याऐवजी एमआरआय करून आणला. त्यात महिना गेला.

प्रत्येक फोटोचं काम वेगळं असतं. सीटी हाड दाखवतो. साचलेला शेंबूड कुठे आणि गाठ कुठे, डोळ्याकडे किंवा मेंदूकडे ती सरकली का, हे एमआरआय सांगतो. पण गाठ कशाची, ते कुठलाच फोटो ठामपणे सांगत नाही. 2021 मध्ये कोरोनानंतर आलेली काळी बुरशीसुद्धा हाड अशीच खाते. तिला बुरशीचं औषध आणि ऑपरेशन लागतं, नाकातल्या लिम्फोमाला, म्हणजे कॅन्सरच्या गाठीला, केमो आणि रेडिएशन.

तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. शेवटी काढला, तेव्हा दादाच्या पहिल्या तुकड्यात नुसतं मेलेलं मांस आलं. दादाला निघालेल्या रोगात तसं होतं. दुसऱ्यांदा खोलातून घेतला तेव्हा नाव कळलं: एनके/टी-सेल लिम्फोमा. म्हणून पहिला रिपोर्ट निर्धोक आला तरी त्रास चालू असेल, तर पुन्हा तपासा. आणि तुकड्याआधी स्टिरॉइड घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगाच. त्याने गाठ तात्पुरती आक्रसते, निदान चुकू शकतं.

नाव कळल्यावर रोग अंगात आणखी कुठे आहे हे बघायला पेट-सीटी केला. त्याला उपाशी जावं लागतं, मधुमेह असेल तर आधी कळवायचं. सुईतून किरणोत्सर्गी साखर देतात, म्हणून त्या दिवशी पुतण्याला दादाच्या मांडीवर बसू दिलं नाही. एमआरआयला जाताना जोडवी, ताईत, करदोट्याची पेटी घरीच काढून ठेवा.

सरकारी योजनेतून उपचार मिळवायला रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, रुग्णालयात योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. ही महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना 2012 मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. परळच्या टाटा रुग्णालयात जायला कर्जतहून लोकल आहे, पहाटेची धरा.

दादाचे सगळे फोटो आणि सीड्या प्लास्टिकच्या पिशवीत, चुलीच्या धुरापासून लांब, आढ्याला टांगल्यात. दर खेपेला डॉक्टर आधी जुना फोटो मागतात, नव्याशेजारी उजेडात धरतात, आणि दादा त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो.