मागचे शॉकअप बदलताना

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपमध्ये दोन निराळी कामे एकत्र बसवलेली असतात. बाहेरची स्प्रिंग गाडीचा आणि माणसांचा भार पेलते. आतला डॅम्पर त्या स्प्रिंगला आवर घालतो. डॅम्परच्या नळीत तेल असते, दांड्याच्या टोकाला पिस्टन आणि पिस्टनला बारीक छिद्रे. चाक खड्ड्यात गेले की तेल त्या छिद्रांतून जोराने जाते आणि धक्क्याची ताकद उष्णतेच्या रूपात जिरते. स्प्रिंग वर्षानुवर्षे टिकते. आधी संपतो तो डॅम्पर. जुन्या स्प्लेंडरवर किंवा आरएक्स १०० वर शॉकअपचे जे चुकीचे उपचार होतात, त्यांतले बहुतेक हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

नेहमीचा प्रकार असा. डबलसीट बसले की गाडी खड्ड्यात आपटू लागते. मग शॉकअपवरची खाचांची कडी फिरवून शेवटच्या खाचेवर नेली जाते. मागची बाजू उचलली जाते, आपटणे कमी होते आणि दुखणे गेले असे वाटते. प्रत्यक्षात स्प्रिंगचा ताण वाढलेला असतो आणि तिला धरणारे तेल उरलेले नसते. अशी गाडी स्पीडब्रेकर ओलांडल्यावर दोन-तीनदा उसळते. वळणात रस्ता खडबडीत निघाला तर मागचे चाक जमीन सोडते. डॅम्पर गेला असेल तर कडी फिरवण्याने धोका वाढतोच. तेल भरून सील बदलून देणारे कारागीर मिळतात, पण दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर ते खड्डे नवे सीलही खरवडून काढतात. तिथे दुरुस्तीचे पैसे वाया जातात.

झीज इतकी सावकाश होते की रोज चालवणाऱ्याला ती जाणवत नाही, म्हणून मुद्दाम तपासावे लागते. गाडी स्टँडवरून उतरवून सीटचा मागचा भाग जोरात दाबून सोडावा. तो वर येऊन तिथेच थांबला तर डॅम्पर जिवंत आहे; पुन्हा झोके घेत राहिला तर संपला. दांड्याभोवती तेल आणि धूळ मिळून काळा लेप बसला असेल तर सील गेले. खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्ही शॉकअपच्या नळ्यांना हात लावून पाहणे ही जुन्या मिस्त्रींची रीत: काम करणारा कोमट लागतो, मेलेला थंड. उजव्या नळीला सायलेन्सरची धग लागत असेल तर मात्र ही परीक्षा फसते. मागचा टायर ठरावीक अंतराने खोलगट झिजणे हीसुद्धा याच दुखण्याची खूण असू शकते.

शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला तर चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, दोन बाजूंनी वेगवेगळा आवरला जातो. खरेदीला जाताना वरच्या छिद्राच्या मध्यापासून खालच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे माप जवळ असावे, शिवाय बुशच्या छिद्राचा व्यास आणि टोकाच्या गोल डोळ्याची रुंदी. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ या बोलीवर विसंबू नये. लांब शॉकअप लावला तर मेन स्टँडवरही मागचे चाक जमिनीला टेकते आणि चेन चिमट्याला घासू शकते. आखूड लावला तर टायर मडगार्डला लागतो. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, त्यामुळे तिच्यासाठी नकली माल फार. दुकानातच शॉकअप उभा धरून अंगाचा भार टाकून दाबावा. सोडल्यावर तो संथपणे लांब व्हायला हवा. टणकन उसळणारा नवा शॉकअप आणि जुना मेलेला यांत फरक नाही.

काम सुरू करण्याच्या आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने हे नट असे धरतात की पान्याला पाइप लावून ओढल्यावर नटाऐवजी फ्रेमवरचा आट्याचा दांडाच तुटतो, आणि मग वेल्डिंगवाल्याशिवाय गत्यंतर नसते. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी आणि चाकाखाली लाकडी फळ्या सरकवून त्याचा भार उचलून धरावा. साडीगार्डची पट्टी किंवा कॅरियर शॉकअपच्याच नटाखाली अडकवलेले असेल तर वॉशरांचा क्रम काढतानाच फोटोत टिपावा. उजवीकडे खालच्या बोल्टला सायलेन्सर आड येतो. तो थोडा सैल करावा लागतो.

एका वेळी एकच बाजू बदलावी. दुसरा शॉकअप जागेवर असला की चाक जवळपास योग्य उंचीवर राहते आणि छिद्र जुळवायला फळी थोडी इकडेतिकडे करणे पुरते. याला एकच अपवाद. चिमट्याचा बुश तपासायचा तर दोन्ही शॉकअप खालून सोडून, चाक फळ्यांवर ठेवून, चिमटा आडवा हलवून पाहावा. तो खडखडला तर बुश बदलल्याशिवाय नवे शॉकअप लावण्यात अर्थ नाही, कारण गाडी वळणात तशीच डुलत राहील. शॉकअपची स्प्रिंग घरी उघडण्याचा मोह मात्र टाळावा. दाबयंत्राशिवाय सुटलेली स्प्रिंग हाड मोडू शकते. गॅस भरलेल्या शॉकअपला भोक पाडणे किंवा आच दाखवणे त्याहून घातक.

बसवताना फ्रेमवरच्या आट्याच्या दांड्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून ग्रीसचा पातळ हात द्यावा. रबर बुश अडले तर साबणाचे पाणी लावावे. रबराला खनिज तेल सोसत नाही. नट आधी हाताने फिरवून आटे धरल्याची खात्री करावी आणि शेवटी तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळावा. अंदाजाने ओढून आटे मारलेल्या फ्रेमा प्रत्येक गॅरेजात दिसतात.

नवे शॉकअप दुकानात आडवे पडून राहिले असतील तर आत हवा शिरलेली असू शकते. गाडी स्टँडवरून उतरवून सीट आठ-दहा वेळा सावकाश दाबली की ती हवा तेलातून वर निघते. कडी दोन्ही बाजूंना एकाच खाचेवर असावी. एकटा चालवणारा असेल तर मऊ खाच पुरते. चेनचा ढिलेपणा आणि हेडलाइटचा रोखही तपासावा, कारण मागची बाजू उचलली गेल्याने उजेड आता जवळ पडतो. साधारण १०० किलोमीटरनंतर चारही नटांना एकदा पाना लावून पाहावा.