दुखतंय कुठे, कधी आणि कसं?

खुबा बदलल्यानंतरही दुखणं राहिलं, की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. घरचे म्हणतात, ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, दुखणारच की.’ दवाखान्यात ऐकू येतं, ‘एक्स-रे तर छान आहे तुमचा.’ दोन्ही वाक्यं धीर देण्यासाठीच असतात आणि बऱ्याचदा खरीही असतात. पण विषय तिथेच मिटतो, आणि तो तिथे मिटू नये असं मला वाटतं. खुब्यात धातूचा सांधा घेऊन वावरणाऱ्यांपैकी मीही एक. तरी माझ्या पायाची कहाणी मी इथे सांगणार नाही, कारण एकाच्या कहाणीवरून दुसऱ्याच्या दुखण्याचं निदान करायची हौस आपल्याकडे आधीच फार आहे. सांगायचं ते असं: मागे राहिलेल्या दुखण्याला आधी नाव मिळालं पाहिजे, गोळी त्यानंतर. आणि ते नाव मिळण्यासाठी लागणारा बराचसा पुरावा रुग्णाकडेच असतो. तो फक्त कुणी नीट विचारत नाही आणि रुग्णही नीट मांडत नाही.

पहिला आक्षेप रास्त आहे. असं लिहून ज्यांना ऑपरेशनची खरंच गरज आहे त्यांना घाबरवायचं का? मुळीच नाही. सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी हा आजच्या सांध्याचा आराखडा पक्का केला. तेव्हापासून आजवर ही शस्त्रक्रिया वैद्यकातल्या सर्वांत भरवशाच्या शस्त्रक्रियांपैकी एक ठरली आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या विश्लेषणानुसार बदललेल्या दर शंभर खुब्यांपैकी सुमारे ५८ पंचवीस वर्षं टिकतात. पण सांधा टिकणं आणि माणूस दुखण्यातून सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘बीएमजे ओपन’ने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, ऑपरेशननंतर बराच काळ लोटल्यावरही त्रासदायक दुखणं राहिलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ७ ते २३ टक्के निघालं. म्हणजे हे लोक थोडे असले, तरी विरळा नाहीत. बहुसंख्यांचं भलं होतं हे उरलेल्यांना पुनःपुन्हा सांगून त्यांचं दुखणं कमी होत नाही. उलट आपलंच काहीतरी चुकतंय, आपणच नाजूक, असं त्यांच्या मनात बसतं.

म्हणून सुरुवात जागेपासून करावी. ‘खुबा दुखतो’ असं आपण सरसकट म्हणतो, पण बोट कुठे ठेवतो ते पाहा. जांघेत खोल दुखत असेल तर संशय वाटीकडे जातो: ती सैल झाली असेल, किंवा तिची कड पुढच्या स्नायूच्या दोरीला घासत असेल. दुसऱ्या प्रकारात बसल्या जागी पाय उचलून गाडीत घेताना कळ येते. मांडीच्या मध्यावर दुखत असेल तर हाडात बसवलेल्या दांड्याचा विचार करावा लागतो. बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर जिथे टोचतं तिथे, बहुधा स्नायूंचा नाहीतर तिथल्या पिशवीच्या सुजेचा प्रश्न असतो आणि तो व्यायामाने आटोक्यात येऊ शकतो. कुल्ल्यात सुरू होऊन गुडघ्याखाली पावलापर्यंत उतरणारी, मुंग्या येणारी कळ पुष्कळदा मणक्यातून आलेली असते. काही जणांचं मूळ दुखणंच निम्मं मणक्याचं असतं. खुबा बदलला तरी ते राहणारच होतं. जागेइतकीच वेळही महत्त्वाची. बसून उठल्यावर पहिल्या चार-पाच पावलांना कळ येते आणि चालू लागल्यावर ती ओसरते, हे सैल झालेल्या सांध्याचं जुनं लक्षण आहे. भिंतीतला ढिला खिळा वजन पडताच आधी हलतो आणि मग अडकून बसतो, तसंच काहीसं. याउलट पडून राहिलं तरी थांबत नाही, रात्री झोपू देत नाही, असं दुखणं जंतुसंसर्गाची शंका निर्माण करतं. हे सगळं एक्स-रेच्या फिल्मवर उमटत नाही. ते रुग्णाच्या तोंडूनच यावं लागतं, आणि पाच मिनिटांच्या भेटीत ते यायचं तर आधी कागदावर लिहिलेलं हवं.

‘सांधा बसायला वेळ लागतो’ हेही खरंच. कापलेले स्नायू भरून यायला, हाड धातूला धरायला महिने जातात. पहिल्या तीन महिन्यांत मोठा फरक पडतो आणि बारीकसारीक सुधारणा वर्षभर होत राहते. सुरुवातीला पाय लांब झाल्यासारखा वाटणं हेही अनेकदा आखडलेल्या स्नायूंमुळे आणि तिरक्या झालेल्या कंबरेमुळे असतं, म्हणून लगेच बुटात टाच वाढवून घेण्याची घाई करू नये. पण थांबणं आणि दुर्लक्ष करणं यातला फरक ओळखता येतो. दुखणं महिन्यागणिक उतरत असेल तर थांबावं. एका पातळीवर अडून बसलं असेल तर विचारावं. आणि एकदा पूर्ण बरं वाटून, काही महिन्यांनी वा वर्षांनी ते परत आलं असेल, तर त्याला ‘बसायला लागणारा वेळ’ म्हणताच येत नाही. काहीतरी नवं घडलेलं असतं: सैलपणा, उशिराचा संसर्ग, धातूच्या दांड्याशेजारच्या हाडाला तडा. काही बाबतींत तर दिवसही मोजू नयेत. एकाएकी पाय आखूड होऊन वळला आणि टेकवेना, पाऊल उचलेनासं झालं, पोटरी सुजून दम लागू लागला, तर कुणाकडून ओढून-चोळून न घेता सरळ रुग्णालय गाठावं.

संसर्गाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही चांगल्या हेतूने. जखमेतून आठवडा उलटला तरी पाणी येतंय, जागा गरम लागते, बारीक ताप आहे. अशा वेळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पाच दिवसांची अँटिबायोटिक लिहून मिळते, ताप उतरतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आत मात्र जंतू धातूच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसलेले असतात. त्या थराखाली औषध पुरेसं पोचत नाही. गोळ्या थांबल्या की दुखणं परत. त्यातून वाईट हे की गोळ्यांमुळे तपासणी फसते. सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्यांनी संशय बळावला, तर सांध्यात सुई घालून पाणी काढतात आणि त्यात कोणते जंतू वाढतात ते पाहतात. आधीच अँटिबायोटिक चालू असेल तर जंतू असूनही वाढत नाहीत, आणि ‘संसर्ग नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. म्हणून तब्येत गंभीर नसेल, तर पाणी तपासायला जाण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नये, आणि कुणी सुरू केलीच तर सर्जनला आवर्जून सांगावं. वेळेचा हिशेबही इथे कठोर आहे. संसर्ग पहिल्या काही आठवड्यांत पकडला तर सांधा धुऊन, प्लॅस्टिकचा भाग बदलून तो वाचवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की बहुधा सगळा धातू काढावा लागतो, कधी कधी दोन टप्प्यांत, मध्ये काही आठवडे औषध भरलेला तात्पुरता सांधा ठेवून. सूक्ष्म संसर्गात अनेकदा ताप नसतो, हेही लक्षात ठेवावं.

आता ‘एक्स-रे छान आहे’ याकडे येऊ. या वाक्याची सगळ्यात महागडी परीक्षा एएसआर नावाच्या सांध्याने घेतली. प्लॅस्टिक झिजून त्याच्या कणांमुळे हाड पोखरतं, हे कळल्यावर तरुण रुग्णांसाठी धातूवर धातू घासणारे सांधे बाजारात आले. डिप्यू कंपनीचा एएसआर त्यातलाच. त्याची वाटी उथळ होती, भार कडेवर येई, आणि कोबाल्ट-क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण भोवतालच्या मांसात साठत. कित्येकांचा एक्स-रे निर्दोष दिसायचा आणि आत स्नायू मरत असायचे. ते दिसायला खास पद्धतीचा एमआरआय आणि रक्तातल्या धातूचं मोजमाप लागे. ब्रिटिश नियामकांनी त्यासाठी लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावध होण्याची रेषा आखून दिली. दोष उघडा कुणी पाडला? एखाद्या हुशार डॉक्टरच्या नजरेपेक्षा नोंदवह्यांनी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधे-नोंदणीत २००७ पासून हा सांधा जास्त वेळा काढावा लागतो आहे असं दिसत होतं. तिथून तो २००९ मध्ये मागे घेतला गेला. इंग्लंडच्या नोंदणीत पाच वर्षांत १२ ते १३ टक्के फेरशस्त्रक्रिया असा आकडा आला, आणि २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीने जगभरातून तो परत मागवला. तोवर सुमारे ९३ हजार माणसांच्या शरीरात तो बसला होता.

भारताचा भाग याहून बोलका आहे. इथे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला. केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं सूत्रही ठरलं. पण त्या ४,७०० पैकी जेमतेम हजाराच्या आसपास रुग्णांचा पत्ता लागला. बाकीचे कुठे आहेत? कुणी दुखणं सोसत असतील, कुणी गेले असतील, आणि आपल्या खुब्यात काय आहे हेच कित्येकांना माहीत नसेल. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात छोटे चिकटपट्टीचे स्टिकर असतात: कंपनीचं नाव, माप, ‘रेफ’पुढे मॉडेल क्रमांक, ‘लॉट’पुढे तुकडीचा क्रमांक. ऑपरेशन थिएटरमध्ये ते सोलून रुग्णालयाच्या फाइलीत लावतात. रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरही ते हवेत. नसतील तर रेकॉर्ड विभागातून प्रत मागून घ्यावी, कारण फाइली काही वर्षांनी रद्दीत जातात. तुमच्यात बसवलेल्या सांध्यात उद्या दोष निघाला, तर बाधित कोण हे ठरवणारा कागद तोच. दुसऱ्या शहरात फेरशस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर नवा गोळा जुन्या दांड्यावर बसेल की नाही हेही त्यावरूनच कळतं. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवण्यासाठी २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो. आपली तक्रार तिथे कळवा, असं डॉक्टरांना सांगायला संकोच कसला?

संकोच असतोच, आणि तोच दुसरा आक्षेप. इतकं विचारलं तर डॉक्टर दुखावतील, विश्वास नाही असं वाटेल. मला उलट दिसतं. ‘खूप दुखतं हो’ यावर डॉक्टर पेनकिलरपलीकडे काय करणार? ‘तीन महिने बरं होतं, दिवाळीनंतर जांघेत, उठताना, जिना चढताना’ असं सांगितलं की त्यांच्या हाती धागा लागतो. खर्चाचा आक्षेप खरा आहे. एमआरआय ऊठसूट कुणी करू नये. पण क्रमाने गेलं तर सुरुवात स्वस्तच असते: अंगावर हात ठेवून तपासणी, साधा एक्स-रे, सीआरपी-ईएसआर. वर्षानुवर्षं घेतलेल्या पेनकिलर स्वस्त वाटतात, पण मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब यांच्या रूपाने पुढे हिशेब मागतात. साठीनंतर तर अधिकच. निदान होईपर्यंत साध्या गोष्टी कराव्यात. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी, त्याने खुब्यावरचा भार खरोखर घटतो; आपल्याकडे बरेच लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. सर्जनने मुभा दिलेली नसेल तोवर उकिडवं बसणं, पाटावर मांडी घालणं, भारतीय बैठकीचा संडास टाळावा. पाहुण्यांच्या पंगतीत खुर्ची मागायला लाजू नये. नव्या सांध्यावर हाडवैद्याचा हात तर नकोच.

आणि एवढं करूनही कारण सापडलं नाही तर? तसंही होतं, आणि त्या वेळी सगळ्यात मोठा मोह ‘परत उघडून बघू’ हा असतो. तो टाळावा. कारण ठरलेलं नसताना केलेल्या फेरशस्त्रक्रियेचे निकाल कारण ठरवून केलेल्यांपेक्षा वाईट लागतात, आणि दुसऱ्या खेपेला हाडही कमी उरलेलं असतं. त्यापेक्षा फेरशस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनचं दुसरं मत घ्यावं, शिरेच्या दुखण्यावर वेगळी औषधं असतात म्हणून पेन क्लिनिक गाठावं, कुल्ल्याच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेऊन चालू ठेवावा. दरवर्षी त्याच कोनातून एक एक्स-रे काढावा आणि जुन्या फिल्म फेकू नयेत. दांडा एक-दोन मिलिमीटर खाली सरकला असेल तर एकट्या नव्या फिल्मवरून ते कुणालाच सांगता येत नाही. ऑपरेशननंतरची पहिली फिल्म शेजारी लावली तरच ते दिसतं.