वाटेवरच्या माणसासाठी प्रार्थना

वाचन : मार्क १०:४६-५२



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका संध्याकाळी मी रुग्णालयासमोरच्या बसथांब्यावर उभी होते. शेजारी एक बाई उभ्या होत्या. हातात एक्स-रेचे मोठे पाकीट होते आणि पदराने त्या सारखे डोळे पुसत होत्या. माझ्या गळ्यातला क्रूस त्यांना दिसला. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही ख्रिश्चन ना? माझ्या पोरासाठी तुमच्या देवाला सांगा हो. उद्या ऑपरेशन आहे." मी म्हणाले, "सांगते हं, काळजी करू नका." इतक्यात माझी बस आली आणि मी चढले.

रात्री घरी रोजरीला बसल्यावर त्या मुलासाठी एक रहस्य अर्पण करावे असे मनात आले. तेव्हा लक्षात आले की त्याचे नावच मी विचारले नव्हते. त्याला काय झाले आहे तेही विचारले नव्हते. दुसरी बस दहा मिनिटांत आली असती. त्या बाईने माझ्याकडे प्रार्थना मागितली आणि मी तिला एक वाक्य देऊन निघून गेले.

आजचा आपला अभ्यासाचा विषय ह्याच दहा मिनिटांविषयी आहे. रस्त्यात भेटणाऱ्या अनोळखी माणसासाठी, त्याच्या सोबत उभे राहून प्रार्थना करावी का? करावी तर कशी?

१. येशू थांबला

येशूच्या सेवाकार्याचा बराचसा भाग रस्त्यावर घडला. यरीहो शहराबाहेर वाटेच्या कडेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसला होता. येशू जात आहे हे कळताच तो ओरडू लागला. लोकांनी त्याला गप्प बसायला सांगितले. लोक काही वाईट नव्हते. ते येशूबरोबर चालले होते आणि त्यांना पुढे जायची घाई होती. पण येशू थांबला.

त्यानंतर येशू काय करतो ते नीट पाहावे. तो आंधळ्याला जवळ बोलावतो आणि तुला माझ्याकडून काय हवे आहे, असे विचारतो. माणूस आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होते, मग विचारायची गरज काय होती? गरज अशी की येशूने त्याचे दुःख गृहीत धरले नाही. त्याने ते त्याच्या तोंडून ऐकून घेतले. ज्याला सगळे गप्प करीत होते त्याला येशूने बोलायला लावले.

प्रेषितांच्या कृत्यांतही हेच दिसते. गाझाच्या वाटेवर फिलिपला इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचे पुस्तक वाचताना भेटतो (प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०). फिलिप लगेच प्रवचन सुरू करीत नाही. वाचतोस ते समजते का, एवढेच तो विचारतो. रथात येऊन बसण्याचे आमंत्रण खजिनदार देतो आणि मगच फिलिप रथात चढतो.

२. पण येशूने सावधही केले आहे

इथे कोणी म्हणेल की रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांवर येशूनेच टीका केली आहे (मत्तय ६:५-६). हे खरे आहे आणि ते विसरून चालणार नाही. येशूचा आक्षेप जागेला नव्हता, हेतूला होता. लोकांनी आपल्याला पाहावे म्हणून केलेली प्रार्थना त्याने नाकारली. म्हणून रस्त्यावरच्या प्रार्थनेची पहिली कसोटी ही : ही प्रार्थना समोरच्या माणसासाठी आहे की माझी भक्ती दिसावी म्हणून आहे? माणूस रडत असताना मोठ्या आवाजात, चार जण वळून पाहतील अशी प्रार्थना केली, तर त्या माणसाचे दुःख आपण चव्हाट्यावर मांडले असे होईल.

३. बॉन शहरातील एक संध्याकाळ

ऑगस्ट २००५ मध्ये जर्मनीतील कोलोन शहरात जागतिक युवा दिन झाला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्यासोबत लाखो तरुणांनी रात्री साक्रामेंताची आराधना केली. तो अनुभव आपापल्या गावी परत गेल्यावर विरून जाऊ नये असे काही तरुणांना वाटले. ऑक्टोबर २००५ मध्ये जवळच्या बॉन शहरातील संत रेमिगियुस चर्चमध्ये त्यांनी एक प्रार्थनेची संध्याकाळ ठेवली. तिला 'नाइटफीव्हर' असे नाव पडले. पुढे ही प्रथा जर्मनीतल्या अनेक शहरांत आणि इतर देशांतही पसरली.

तिची पद्धत साधी आहे. संध्याकाळी चर्चचे दार उघडे ठेवायचे. वेदीवर परमपवित्र साक्रामेंत, मंद प्रकाश, हळू आवाजात गायन. काही तरुण जोडीजोडीने मेणबत्त्या घेऊन बाहेर बाजाराच्या रस्त्यावर जातात. खरेदी करून किंवा मित्रांबरोबर फिरायला निघालेल्या लोकांना ते विचारतात : चर्चमध्ये येऊन एक मेणबत्ती लावाल का? कोणी नाही म्हणतो आणि पुढे जातो. कोणी आत येतो, मेणबत्ती लावतो, कागदावर आपली विनंती लिहितो, टोपलीतून बायबलमधले एक वचन घेतो. कोणी दोन मिनिटांत निघतो, कोणी बराच वेळ बसून राहतो. बोलायचे असेल किंवा पापनिवेदन करायचे असेल तर धर्मगुरू हजर असतात. आत आलेल्याला, तू कोण, कुठल्या धर्माचा, पुढच्या रविवारी येशील का, असे कोणी विचारीत नाही.

लिजन ऑफ मेरी आपल्याला परिचित आहे. ७ सप्टेंबर १९२१ रोजी डब्लिन शहरात ही संस्था सुरू झाली. तिचे सभासद आजही दोघे-दोघे मिळून घरोघरी भेटी देतात. येशूने शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवले होते (लूक १०:१). रस्त्यावरची प्रार्थना ही काही नवी टूम नव्हे. जुन्याच वाटेवरचे हे एक पाऊल आहे.

४. आपल्याकडे वाट आधीच दारात येते

बॉनमध्ये लोकांना आत बोलवावे लागते. आपली गोष्ट थोडी वेगळी आहे. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. तिथे सर्व धर्मांचे लोक रांगेत उभे असतात. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला किती हिंदू, मुस्लिम, पारशी बंधू-भगिनी येतात! मेणाचा हात, मेणाचे घर, मेणाचे बाळ हातात घेऊन ते डोंगर चढतात. १८९६ च्या प्लेगच्या साथीत आपल्या पूर्वजांनी मुंबईच्या गल्लीबोळांत क्रूस उभारले. आजही त्यातल्या कित्येक क्रुसांपुढे येणारा-जाणारा क्षणभर थांबतो, हात जोडतो.

म्हणजे आपल्या शहरात अनोळखी माणूस आपल्याकडे प्रार्थना मागायला स्वतःहून येतो. त्या मेणाच्या घरामागे कोणाचे भाड्याचे घर सुटते आहे, त्या मेणाच्या बाळामागे किती वर्षांची वाट आहे, हे आपण कधी विचारतो का? आपण मेणबत्ती विकतो, रांग लावतो, चप्पल कुठे ठेवायची ते सांगतो. ऐकायला मात्र कोणी बसत नाही. बसथांब्यावर जे माझे झाले, ते आपल्या सगळ्यांचे थोडेफार झाले आहे.

५. ख्रिस्तसभा काय शिकवते

पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१३ रोजी दिलेल्या 'शुभवर्तमानाचा आनंद' या बोधपत्रात (क्रमांक १२७-१२८) ह्याच विषयावर लिहिले आहे. रस्त्यावर, चौकात, कामावर, प्रवासात, कुठेही येशूचे प्रेम दुसऱ्यापर्यंत पोचवायला प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या माणसाने तयार असावे, असे ते सांगतात. त्याचा क्रमही ते देतात. आधी संवाद : समोरच्याला आपला आनंद, आपली चिंता, आपली आशा बोलू द्यावी. मग देवाच्या प्रेमाविषयी बोलावे. प्रसंग योग्य वाटला तर शेवटी एक लहानशी प्रार्थना करावी आणि ती त्याने सांगितलेल्या चिंतेविषयीच असावी. त्यामुळे आपले कोणीतरी ऐकले, आपली अवस्था देवापुढे ठेवली गेली, हे त्याला कळते.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावर जाहीरनामा काढला. श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्तीचा किंवा अप्रामाणिकपणाचा वासही येईल असे वागू नये, आणि गरीब वा अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी, असे तो बजावतो (क्रमांक ४). आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले.

आज आपल्या देशात प्रार्थनेकडेही संशयाने पाहिले जाते. त्यामुळे काही जण म्हणतील, नकोच ती भानगड, आपण बरे नि आपले चर्च बरे. पण संशयाला भिऊन दुःखी माणसापासून दूर जाणे हे उत्तर नव्हे. उत्तर आहे प्रामाणिकपणा. प्रार्थना हे आमिष नव्हे. ज्या माणसाला आपण पुन्हा कधी भेटणार नाही, जो आपल्या चर्चमध्ये कधी येणार नाही, त्याच्यासाठीही तितक्याच मनापासून प्रार्थना करता आली, तर ती प्रार्थना प्रेमाची आहे असे समजावे. तो आला नाही म्हणून वाईट वाटले, तर आपला हेतू पुन्हा तपासावा.

६. करावे काय आणि टाळावे काय

पहिले : परवानगी. "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" असे विचारावे. "मी ख्रिस्ती आहे, मी येशूच्या नावाने प्रार्थना करते" हे आधीच सांगावे. लपवाछपवी नको. "नको" म्हटले तर हसून "बरं" म्हणावे आणि विषय सोडावा.

दुसरे : नाव. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचे नाव विचारावे, आणि नेमके काय मागायचे तेही त्यालाच विचारावे.

तिसरे : थोडक्यात. घरातल्या साध्या भाषेत, हळू आवाजात, अर्ध्या मिनिटाची प्रार्थना पुरे. तिच्यात उपदेश घुसडू नये. डोक्यावर किंवा खांद्यावर न विचारता हात ठेवू नये.

चौथे : खोटे आश्वासन नको. अमुक दिवसांत बरे वाटेल असे सांगू नये. औषध बंद करा असे तर कधीच म्हणू नये. डॉक्टरांच्या हातांसाठीही प्रार्थना करावी.

पाचवे : पैसे, वस्तू, पुस्तिका, फोन नंबर यांची देवघेव नको. लहान मुलांना आईवडिलांशिवाय गाठू नये. ऐकलेली गोष्ट समूहाच्या बैठकीत सांगत बसू नये. ती देवालाच सांगावी.

सहावे : एकट्याने नको. दोघांनी मिळून आणि धर्मगुरूंच्या संमतीने हे काम करावे.

कोणी आपणहून विचारले की तुम्ही हे का करता, तर संकोच न करता आपल्या आशेचे कारण सांगावे, पण सौम्यतेने आणि आदराने, असे संत पेत्र शिकवतो (१ पेत्र ३:१५).

७. एक सूचना

आपल्या चर्चच्या फाटकाबाहेरही क्रूस आहे. बाजारातून येणारे लोक तिथे थांबतात, हे आपण रोज पाहतो. येत्या महिन्यात एका संध्याकाळी चर्चचे दार उशिरापर्यंत उघडे ठेवून आराधना करता येईल का, आणि दोघे-दोघे जण फाटकाजवळ नुसते बसू शकतील का, ह्यावर प्रत्येक समूहाने विचार करावा आणि आपले मत फादरांना कळवावे. आपल्याकडे सोने-रुपे नाही, असे मंदिराच्या दारातल्या पांगळ्याला पेत्राने सांगितले होते (प्रेषितांची कृत्ये ३:१-१०). आपल्याकडेही फार काही नाही. एक बाकडे, एक मेणबत्ती आणि थोडा वेळ आहे.

त्या बसथांब्यावर मी नंतरही पुष्कळदा उभी राहिले. त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांच्या मुलासाठी मी आजही प्रार्थना करते. त्याचे नाव देवाला ठाऊक आहे, यावर माझा विश्वास आहे. पण त्या माउलीला ते नाव माझ्या तोंडून, तिच्या समोर ऐकायला मिळाले असते, तर तिची ती रात्र थोडी हलकी गेली असती. तेवढे माझ्याकडून व्हायला हवे होते.

चिंतनासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात माझ्यापुढे कोणी आपले दुःख बोलून दाखवले का? मी थांबलो का?
२. "तुमच्यासाठी प्रार्थना करीन" असे म्हणून मी कोणाला विसरलो आहे?
३. अनोळखी माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करायला मला संकोच का वाटतो?

ह्या आठवड्याचा संकल्प : एका माणसाला नाव विचारून, त्याच्या परवानगीने, त्याच्यासमोर प्रार्थना करीन.

प्रार्थना : प्रभू येशू, यरीहोच्या वाटेवर तू एका हाकेसाठी थांबलास. आम्हाला घाई असते. आमचे पाय थांबव, आमचे कान उघड. ज्यांचे नाव आम्ही विचारले नाही त्यांना तू नावाने हाक मार आणि पुढच्या वेळी आम्हाला विचारायचे धैर्य दे. आमेन.