नीरा निवळावी कशी आणि फेस ओळखावा कसा

बिअर निवळ असावी आणि तिला फेस यावा, अशी पिणाराची अपेक्षा असते. आंबवण पुरे झाल्यावर ती शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवली असता किण्व तळाशी बसते. मग वरचा निवळ भाग बंद पिंपात घेऊन त्यात दाबाखाली कर्बद्विप्राणिद वायू मुरवतात. द्रव जितका थंड, तितका वायू अधिक मुरतो. नीरेत हाच वायू आपोआप दिसू लागला, तर माल हातचा गेला असे समजावे.

महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी बिअर गाळता येत नाही. नीरेलाही परवाना लागतो; आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नीरेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात रस न आंबलेला असणे व तो आंबू नये म्हणून भांड्यावर प्रक्रिया केलेली असणे, या दोन्ही गोष्टी येतात. पालघरकडे पहाटे उतरलेली नीरा दादरला गाडी बदलून चिंचपोकळीस न्यावयाची, तर ऐंशी किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. वाटेत ती आंबली, तर झाडावर चढणाऱ्याची मजुरी बुडते, आणि विकणाऱ्याच्या हाती नीरा नव्हे, ताडी राहते.

म्हणून खरी काळजी मडक्यापासूनच घ्यावी. जुन्या मडक्याच्या छिद्रांत कालचे किण्व लपलेले असते. मडके उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवावे व आतून ताज्या चुन्याचा लेप द्यावा. लेप बुडाशीच देऊन भागत नाही. रस जेथवर चढेल तेथवर तो हवा. मडके सूर्योदयापूर्वी उतरवावे.

उतरलेली नीरा दुहेरी फडक्यातून गाळून, न हलवता थंड जागी ठेवावी. चुना खाली बसला की वरची निवळी अलगद ओतून घ्यावी. तळ ढवळण्याचा मोह टाळावा; शेवटच्या पेलाभर रसासाठी सगळी नीरा गढूळ होते. चुना उरलेल्या रसातून कर्बद्विप्राणिद वायू सोडला असता त्याचा खडू होऊन तो तळाशी बसतो. काही साखर कारखान्यांत उसाचा रस याच तत्त्वावर निवळतात. मात्र वायू अधिक झाला, तर खडू पुन्हा विरघळतो. गावपातळीवर हा खटाटोप करू नये.

ग्रामसेवकाने लिटमस कागद जवळ बाळगावा. तांबडा कागद गडद निळा झाला, तर चुना बराच उरला आहे. निळा तांबडा झाला, तर रस आंबट होऊ लागला आहे. बर्फाने किण्वाचे काम मंदावते, थांबत नाही. तेव्हा डबा बर्फात असला तरी कडेने बुडबुडे चढतात काय, हे वाटेत पाहावे. विक्रीची खात्री नसेल, तर नीरा ताजी असतानाच ताडगुळासाठी कढईत घालावी. आंबल्यानंतर कितीही आटविली तरी गूळ नीट बसत नाही.